आधी फुटांचा हिशेब, मग रुपयांचा : जुन्या घरातील जिना बदलताना

व्यापारी पेठेतील जुन्या घरांची मांडणी बहुधा ठरलेली असते. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे मालाची खोली आणि वरच्या मजल्यावर कुटुंबाचा संसार. या दोन मजल्यांना जोडणारा जिना मात्र एखाद्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, शिडीसारखा उभा असतो. हाताला आधार म्हणून वरून सोडलेला गाठींचा दोर आणि माथ्यावर रात्री लावून घ्यायची लाकडी झडप. घर बांधणाऱ्या पूर्वजांनी हा जिना असा का केला, याचे उत्तर सरळ आहे. जागा मालासाठी हवी होती, आणि अरुंद, उभा जिना व त्यावरची झडप चोरापासून संरक्षणही करीत होती. त्यांच्या काळाला ते शहाणपण शोभले. आज त्याच जिन्यावरून घरातील वृद्ध व्यक्ती पाठमोरी उतरते, तेव्हा त्या शहाणपणाची किंमत कोण मोजत आहे, हा प्रश्न विचारावा लागतो.

एका तालुक्याच्या गावातील कापड व्यापारी कुटुंबात हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. घरातील आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी अक्षतांची डबी घेऊन मंदिरात जाण्याचा त्यांचा नेम अनेक वर्षांचा. एका उपवासाच्या दिवशी संध्याकाळी उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला. मनगट मुरगळले, याहून अधिक काही झाले नाही. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय तेथेच संपला. त्यानंतर आजींचे खाली उतरणे हळूहळू कमी झाले. विचारले तर त्या म्हणत, “गुडघे दुखतात. घरी बसून जप होतोच की.” अक्षतांची डबी भरलेलीच राहते, हे प्रथम सूनबाईंच्या लक्षात आले. गुडघ्यांचे कारण पुढे केले जात होते. खरी भीती जिन्याची होती.

चार पर्याय, चार अडचणी

दोघा भावांनी विचार सुरू केला तेव्हा चार मार्ग समोर आले. पहिला, आजींची खोली खाली मालाच्या खोलीत करणे. खर्च सर्वांत कमी. पण तेथे खिडकी नाही, स्वयंपाकघर वर, नातवंडे वर. वृद्ध माणसाला जिन्यापासून वाचवण्यासाठी घरापासूनच दूर करण्याचा तो प्रकार झाला असता. दुसरा, घरगुती लिफ्ट. तिला खड्डा, वीज, दरवर्षीची देखभाल आणि बराच पैसा लागतो. तिसरा, गावाबाहेर फ्लॅट घेऊन राहणे. म्हणजे मंदिर दूर, शेजार नवा आणि दुकानदाराची दिवसातून दोनदा ये-जा. चौथा मार्ग जिना बदलण्याचा. तो सर्वांत साधा असूनही सर्वांत शेवटी सुचला, कारण इतक्या वर्षांच्या सवयीने तो जिना घराच्या भिंतीइतकाच अचल वाटू लागला होता.

आधी त्या जिन्याचे माप घेतले गेले. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची ९ फूट, म्हणजे १०८ इंच. एवढ्या उंचीसाठी चढ फक्त १०. म्हणजे प्रत्येक चढ १०.८ इंचांचा आणि पाय टेकायला जागा जेमतेम ६ इंच. भागाकार करून पाहिला तर जिन्याचा कल सुमारे ६१ अंशांचा निघाला. एवढा कल शिडीला शोभतो, जिन्याला नाही. ६ इंचांच्या पायरीवर प्रौढ माणसाचे अख्खे पाऊल मावत नाही. टाच अधांतरी राहते. उपवासाने थकलेल्या शरीराला तेथे तोल सावरता येत नाही, यात नवल नाही.

चांगल्या पायरीचे गणित

जिन्यात दोन मापे महत्त्वाची. गवंडी ज्याला रायझर म्हणतात तो उभा चढ, आणि ज्याला ट्रेड म्हणतात ती पाय टेकण्याची जागा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात चढ १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेसात इंचांपेक्षा अधिक नसावा आणि पाय टेकण्याची जागा २५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण १० इंचांपेक्षा कमी नसावी. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा एक जुना नियम आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा ब्लोंदेल याने तो मांडला. चढाची दुप्पट अधिक पाय टेकण्याची जागा, ही बेरीज माणसाच्या स्वाभाविक पावलाएवढी असावी. आजच्या व्यवहारात ती २४ ते २५ इंच धरतात.

या घरासाठी १०८ इंचांचे १५ समान चढ केले तर प्रत्येक चढ ७.२ इंचांचा होतो. त्याची दुप्पट १४.४, त्यात १० इंचांची पायरी मिळवली की २४.४. नियमात बसणारा जिना. त्याचा कल सुमारे ३६ अंश. जुन्या ६१ अंशांशी तुलना केली की फरक कागदावरही जाणवतो.

येथेच खरी अडचण उभी राहते. जुन्या जिन्याने जमिनीवर केवळ साडेचार फूट लांबी घेतली होती. नवा जिना सरळ केला तर १४ पायऱ्या गुणिले १० इंच, म्हणजे ११ फूट ८ इंच लांबी लागते. जिना सुखाचा होतो तो लांबीमुळे. लाकूड, लोखंड वा संगमरवर यांमुळे नाही. लांबी न देता कितीही महाग साहित्य वापरले तरी अवघड जिना अवघडच राहतो. म्हणून जिन्याचे अंदाजपत्रक आधी फुटांत करावे आणि नंतर रुपयांत.

एवढी सरळ लांबी त्या घरात नव्हती. तेव्हा मध्ये टप्पा घेऊन उलट वळणारा जिना ठरला. ७ चढ चढून मधला टप्पा, तेथून वळून ८ चढ. प्रत्येक बाजूची रुंदी २ फूट ९ इंच. सगळा मिळून ८ फूट ७ इंच लांब आणि ५ फूट ६ इंच रुंद असा चौकोन लागणार होता, म्हणजे सुमारे ४७ चौरस फूट. वृद्धांसाठी मधला टप्पा हा मोठा लाभ असतो. तेथे क्षणभर थांबता येते, श्वास घेता येतो. आणि पाय घसरलाच तर पडणे संपूर्ण मजल्याचे न होता अर्ध्यावर अडते. रुंदी ३ फूट वा अधिक मिळाली तर उत्तमच. परंतु जुन्या घरात मिळेल तेवढ्यात भागवावे लागते.

गोल जिन्याचा मोह

कमी जागेत बसतो म्हणून अनेक घरांत गोल लोखंडी जिना सुचवला जातो. पाच फूट चौरसात तो उभा राहतो आणि दिसायलाही नेटका वाटतो. पण त्याच्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होत जातात. चढणारा आणि उतरणारा एकाच वेळी जाऊ शकत नाही. खाट, कपाट, धान्याचे पोते वर नेणे कठीण. आणि आजारी माणसाला उचलून खाली आणण्याची वेळ आली तर तो जिना शत्रू ठरतो. गच्चीवर कधीमधी जाण्यासाठी तो ठीक. रोजच्या राहत्या मजल्यासाठी नाही. वळणावर टप्पा न देता तिरक्या पायऱ्या बसवण्याची युक्तीही याच कारणासाठी टाळावी.

सत्तेचाळीस चौरस फूट कोणाचे?

फुटांचे अंदाजपत्रक मंजूर होणे हे रुपयांच्या अंदाजपत्रकापेक्षा कठीण असते, कारण त्यात कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते. खाली मालाच्या खोलीचा एक भाग जाणार होता आणि वर तेवढीच अडगळीची खोली उघडी करावी लागणार होती. धाकटे बंधू म्हणाले, “अण्णा, दिवाळीचा माल कुठे ठेवायचा? पेठेत चौरस फुटाचा भाव काय झाला आहे, तुम्हाला ठाऊक आहे.” आजींनीही ऐकले होते. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी दुकानाची जागा अडवू नका रे. मला आता कुठे जायचे असते?”

मोठ्या बंधूंनी वाद घातला नाही. त्यांनी त्या कोपऱ्यातील मालाची यादी करायला सांगितले. दोन दिवसांत यादी झाली. तीन हंगामांपूर्वीचे न खपलेले ताके, रिकामे खोके, मोडकी मांडणी आणि कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेले जुने फलक. चालू माल त्यात जेमतेम चौथा हिस्सा होता. वरच्या अडगळीची कथा याहून वेगळी नव्हती. “ज्या मालावर व्याज चढते आणि जो खपत नाही, त्याला आपण जागा दिली. आईला दिली नाही,” एवढेच ते म्हणाले. जुना माल सवलतीत निघाला आणि जागेचा प्रश्न सुटला. अपरिग्रहाचे व्रत आपण प्रवचनात ऐकतो. जुन्या घरात त्याचा अर्थ पुष्कळदा इतका साधा असतो.

घर सामाईक असेल तर या टप्प्यावरच सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. तोंडी होकारावर छत कापू नये. तसेच इमारतीच्या रचनेत बदल होत असल्याने कोणती परवानगी लागेल, याची नगरपालिकेत आधी चौकशी करावी.

कडीपाट कापण्यापूर्वी

जुन्या घरांचे छत बहुधा कडीपाटाचे असते. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर माती वा कोबा. जिन्यासाठी त्यात पोकळी करायची म्हणजे काही कड्या मध्येच तोडाव्या लागतात. तुटलेल्या कडीचे टोक पेलण्यासाठी पोकळीच्या कडेला आडवी तुळई किंवा लोखंडी आधार आधी द्यावा लागतो आणि मगच कडी कापता येते. हा क्रम उलटला तर वरची जमीन खचते. येथे सुताराच्या वा गवंड्याच्या अनुभवावर विसंबून न राहता स्थापत्य अभियंत्याकडून रेखाचित्र करून घ्यावे. त्याचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने थोडे असते, आणि ते वाचवणारा पुढे दुप्पट देतो.

पोकळी जिन्याच्या संपूर्ण लांबीची असावी. वरची थोडी जागा वाचवावी म्हणून ती आखूड केली की चढणाऱ्याचे डोके छताच्या कडेला लागते. डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची असावी, असे संहिता सांगते.

जुन्या लाकडी जिन्याचा आणखी एक प्रश्न जैन घरांना अधिक जाणवतो. तो वाळवीचा. लाकूड पोखरले की औषधफवारणीची वेळ येते, आणि एकदा सुरू झालेली फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते. नवा जिना लोखंडाचा व दगडाचा केला तर निदान जिन्यापुरता तो प्रसंग उद्भवतच नाही. काम चातुर्मासात न काढता कार्तिकी पौर्णिमेनंतर काढावे, ही वडीलधाऱ्यांची सूचनाही दुहेरी हिताची आहे. पावसाळ्यात जीवजंतू अधिक असतात, शिवाय ओलसर हवेत रंग नीट धरत नाही.

आता रुपये

लोखंडी जिन्याचा दर फॅब्रिकेटर साधारणतः किलोवर सांगतो. म्हणून वजनाचा अंदाज ग्राहकाला स्वतः काढता आला पाहिजे. सूत्र सोपे आहे. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिला ७.८५ ने गुणले की एका चौरस मीटरचे वजन किलोत मिळते. ५ मिलिमीटरचा पत्रा सुमारे ४० किलो, म्हणजे चौरस फुटाला पावणेचार किलोच्या आसपास. या हिशेबाने १३ पायऱ्यांचा पत्रा, दुमडीसह, १३३ किलो. मधल्या टप्प्याचा पत्रा ५६ किलो. मीटरला सुमारे १३ किलो वजनाचे बाजूचे चॅनेल ९ मीटर, म्हणजे ११७ किलो. टप्प्याची चौकट व खांब ९० किलो. कठड्याचे उभे दांडे ५४ किलो. एकूण ४५० किलो. कोणी ७०० किलोंचा अंदाज दिला तर कारण विचारावे. ३०० किलोंचा दिला तर त्याहून अधिक काळजीने विचारावे, कारण कमी जाडीचा पत्रा पावलागणिक थरथरतो आणि वाजतो.

हिशेबाच्या सोयीसाठी मजुरीसह दर किलोला १२० रुपये गृहीत धरला तर लोखंडी काम ५४,००० रुपयांचे होते. त्यात अभियंत्याचे शुल्क ८,०००, छताची पोकळी, आधार व डागडुजी २४,०००, पायाचे काँक्रीट ६,०००, पायऱ्यांवरील कोटा दगड ९,०००, रंग ७,००० आणि विजेचे काम ४,००० असे आकडे धरले तर बेरीज १,१२,००० रुपये होते. जुन्या घराची भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून १५ टक्के, म्हणजे १६,८०० रुपये, राखीव ठेवावे. एकूण १,२८,८०० रुपये. दर गावागणिक आणि काळागणिक बदलतील. वाचकांनी रकाने तेच ठेवून आपल्या गावचे आकडे भरावेत.

व्यवहाराच्या चार गोष्टी लेखी असाव्यात. दर जीएसटीसह की वगळून. पत्र्याची व चॅनेलची जाडी. लोखंड वजनकाट्यावर मोजून त्याची पावती देणार की नाही. आणि प्रायमरचे हात किती. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. साहित्य आल्यावर ३० टक्के, सांगाडा उभा राहिल्यावर ३०, काम संपल्यावर ३० आणि महिनाभर वापरून पाहिल्यावर उरलेले १०. शेवटच्या १० टक्क्यांत निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

शेवटचा एक इंच

जिन्याचे पुष्कळसे दोष पहिल्या आणि शेवटच्या पायरीत असतात. सांगाडा मोजून नीट उभा राहतो. मग पायऱ्यांवर एक इंचाचा दगड बसतो, आणि खालची व वरची जमीन आहे तशीच राहते. परिणामी पहिला चढ एक इंचाने वाढतो आणि शेवटचा एक इंचाने कमी होतो. मधल्या सर्व पायऱ्यांची सवय झालेले पाऊल नेमके तेथे अडखळते. म्हणून सर्व मापे अंतिम फरशीपासून अंतिम फरशीपर्यंत घ्यावीत आणि दगडाची जाडी आधीच हिशेबात धरावी. अनवाणी वावरणाऱ्या घरात दगडाला चकचकीत पॉलिश करू नये. पायरीच्या कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घ्याव्यात.

प्रकाश हाही जिन्याचाच भाग आहे. खाली आणि वर, दोन्हीकडून चालणारे बटण असावे. दिवा अशा जागी असावा की उतरणाऱ्याची सावली त्याच्याच पुढच्या पायरीवर पडू नये. पांढऱ्याशुभ्र दिव्यापेक्षा पिवळसर दिव्याकडे कीटक कमी येतात. वीज गेल्यावर आपोआप लागणारा एक दिवा शेजारी असावा. ईर्यासमिती, म्हणजे पाहून पाऊल टाकणे, हा साधूंचा आचार आहे; परंतु गृहस्थाला पाहून पाऊल टाकता यावे, यासाठी आधी पायरी दिसली पाहिजे.

त्या घरातील काम एकवीस दिवस चालले. नवा जिना वेगळ्या जागी असल्याने तो पूर्ण होईपर्यंत जुना तसाच ठेवला गेला आणि वरचा संसार कोठे हलवावा लागला नाही. जुना जिना उतरवल्यावर त्याच्या सागवानी पायऱ्या नव्या जिन्यासाठी फार अरुंद निघाल्या. मात्र दोन्ही बाजूंच्या दहा-दहा फूट लांब फळ्या शाबूत होत्या. सुताराने त्या चिरून, घासून नव्या कठड्यावर हात धरायचा दांडा केला. लोखंडाचा दांडा हिवाळ्यात गार लागतो; लाकूड हाताला मायेचे वाटते. दुसऱ्या बाजूच्या चढाखाली मांडणी करून दुकानाला गेलेल्या जागेपैकी बरीचशी परत मिळाली. दिवाळीचा माल कोठे ठेवायचा, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

पहिल्या दिवशी आजी मधल्या टप्प्यावर थांबल्या, जुन्या सागाच्या दांड्यावरून हात फिरवला आणि उरलेल्या पायऱ्या तोंड पुढे करून उतरल्या. सूनबाई मागून येत होत्या; त्यांनी हात पुढे केला, तो आजींनी धरला नाही. त्यांच्या दुसऱ्या हातात अक्षतांची डबी होती.